विश्लेषण : स्मिता पाटील यांचे उत्तम चित्रपट मोबाईलवर शोधायचे कसे?

अवघ्या ३१ वर्षांचे आयुष्य, सत्तरहून अधिक चित्रपट आणि निदान पाच भाषा. तरीही सर्चमध्ये पुढे येते ते एकच गाणे. त्यांचा जीवनपट माहीत असेल, तर त्यांचे चित्रपट शोधणे सोपे जाते.

मोबाईलवर स्मिता पाटील यांचे नाव टाकले की बहुतेकदा आधी ‘नमक हलाल’मधले पावसातले गाणे येते. पाठोपाठ त्यांच्या लग्नावरचे आणि अकाली मृत्यूवरचे व्हिडिओ. ज्या कामासाठी त्यांना दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते चित्रपट बरेच खाली राहतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबीत बसून शोधा किंवा मुंबईत, अडचण तीच.

याचे एक कारण सर्चमध्ये आहे, तर दुसरे त्यांच्या कारकीर्दीत. त्यांचे महत्त्वाचे चित्रपट कमी पैशांत, वेगवेगळ्या भाषांत आणि बऱ्याचदा सहकारी किंवा सरकारी पैशावर तयार झाले. एका मोठ्या कंपनीकडे ते एकत्र नाहीत. त्यामुळे कोणता चित्रपट कोणी, कधी आणि कोणत्या भाषेत केला, हे ठाऊक असेल तर शोध लवकर संपतो.

स्मिता पाटील कोण होत्या?

त्यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. घराणे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यलढ्यात होते, पुढे राज्यात मंत्री झाले. आई विद्याताई परिचारिका होत्या आणि सामाजिक कामात सक्रिय होत्या. घरात राजकारण आणि समाजकारण दोन्ही होते, मुलींवर राष्ट्र सेवा दलाचे संस्कार होते. घरात सिनेमाची परंपरा मात्र नव्हती.

पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्या विद्यार्थी नव्हत्या, पण तिथल्या एका विद्यार्थ्याच्या चित्रपटात त्यांनी काम केले. अरुण खोपकर यांचा ‘तीव्र मध्यम’ (१९७४) हा तो पदविका चित्रपट. त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी हे एक, म्हणून अभ्यासकांना त्याचे मोल आहे.

बातम्यांतून पडद्यावर कशा आल्या?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. केंद्राच्या पहिल्या काही वर्षांत स्मिता पाटील तिथे मराठी बातम्या देत. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत, ही त्या काळातली बहुतेकांना ठाऊक असलेली आठवण.

टीव्हीवरचा हाच चेहरा दिग्दर्शक श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरला. त्यांनी आधी ‘चरणदास चोर’ (१९७५) या मुलांच्या चित्रपटात त्यांना घेतले. हबीब तन्वीर यांच्या नाटकावरच्या या चित्रपटात त्या राजकन्या होत्या. त्याच वर्षी ‘निशांत’ आला. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’तही त्यांची छोटी भूमिका होती. अंगाने बारीक, वर्णाने सावळ्या आणि डोळ्यांनी बोलणाऱ्या या मुलीत हिंदी नायिकेचे तेव्हाचे कोणतेच ठरलेले गुण नव्हते. बेनेगल यांना नेमके तेच हवे होते.

‘मंथन’साठी पैसे कोणी घातले?

गुजरातमधल्या ५ लाख दूध उत्पादकांनी. प्रत्येकाने २ रुपये दिले आणि १० लाख रुपये उभे राहिले. व्हर्गीस कुरियन यांच्या दूध सहकार चळवळीवरचा हा चित्रपट १९७६मध्ये आला. पटकथा विजय तेंडुलकर यांची. गावोगावचे शेतकरी ट्रकमध्ये बसून स्वतःचाच चित्रपट पाहायला आले होते.

स्मिता पाटील यात बिंदू या दलित स्त्रीच्या भूमिकेत आहेत. डेअरीसाठी आलेल्या शहरी डॉक्टरवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न तिच्या प्रत्येक हालचालीत दिसतो. ज्या गावात सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीवर जाते, तिथल्या प्रेक्षकाला या चित्रपटातले फॅटचे आणि पैशांचे वाद वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.

‘मंथन’ची आजची गोष्टही महत्त्वाची आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जुनी निगेटिव्ह आणि एक ३५ एमएम प्रत यांच्या मदतीने चित्रपटाची ४के प्रत तयार केली. मे २०२४मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली आणि जूनमध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत आली. म्हणून ‘मंथन’ शोधताना नावापुढे ‘४के’ किंवा ‘रिस्टोअर्ड’ टाकून पाहावे. जुनी, फिकट पडलेली प्रत आणि नवी प्रत यांत मोबाईलच्या पडद्यावरही फरक दिसतो.

‘भूमिका’ एवढी महत्त्वाची का?

मराठी अभिनेत्री हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मचरित्र या चित्रपटाचा आधार. १९७७मध्ये ‘भूमिका’ आली तेव्हा स्मिता पाटील फार तर २२ वर्षांच्या होत्या. नायिकेचे कोवळ्या वयापासून थकलेल्या मध्यमवयापर्यंतचे आयुष्य त्यांनी रंगवले. आई, नवरा, प्रियकर आणि श्रीमंत जमीनदार, प्रत्येक घरात ती स्वतःची जागा शोधते आणि प्रत्येक घराबाहेर पडते.

याच भूमिकेने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटात वेगवेगळ्या काळांसाठी रंगीत आणि कृष्णधवल अशी दोन्ही दृश्ये आहेत. त्यामुळे मध्येच रंग गेला तर व्हिडिओ खराब आहे असे समजून तो बंद करू नये.

मराठीत काय पाहावे?

दोन चित्रपट टाळता येत नाहीत. दोन्ही जब्बार पटेल यांचे, दोन्हींचे संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे आणि दोन्हींना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला.

पहिला ‘जैत रे जैत’ (१९७७). गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरचा. ठाकर समाजातल्या नाग्याच्या भूमिकेत मोहन आगाशे आणि चिंधीच्या भूमिकेत स्मिता पाटील. गाणी ना. धों. महानोर यांची. या चित्रपटाचे नाव टाकले की आधी गाण्यांचे व्हिडिओच येतात. पूर्ण चित्रपट हवा असेल तर कालावधीची चाळणी लावणे गरजेचे ठरते.

दुसरा ‘उंबरठा’ (१९८२). शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. सुलभा महाजन ही सुस्थितीतल्या घरातली सून. नवरा, मुलगी आणि सासर मागे ठेवून ती महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून नोकरी धरते. तिथे तिला संचालक मंडळाचा ढोंगीपणा दिसतो. घरी परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यातली तिची जागा बदललेली असते. ती पुन्हा बाहेर पडते. नोकरीसाठी घर सोडणाऱ्या बाईला विचारले जाणारे प्रश्न चार दशकांत किती बदलले, हे पाहण्यासाठीही हा चित्रपट लावावा. यातल्या गाण्यांत अमरावतीचे कवी सुरेश भट यांचाही वाटा आहे, हे वऱ्हाडातल्या वाचकाला आवर्जून सांगावे असे.

‘उंबरठा’ची हिंदी आवृत्ती ‘सुबह’ या नावाने आहे. एक सापडला नाही तर दुसरे नाव टाकावे. असाच प्रकार बेनेगल यांच्या ‘कोंडुरा’चा (१९७८). चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या मराठी कादंबरीवरचा हा चित्रपट हिंदीत ‘कोंडुरा’, तर तेलुगूत ‘अनुग्रहम’ नावाने आला.

इतर भाषांतले काम कोणते?

१९८० ते १९८५ या काळात त्यांनी देशातल्या मोठ्या दिग्दर्शकांकडे काम केले. ‘आकालेर संधाने’ हा मृणाल सेन यांचा बंगाली चित्रपट. १९४३च्या दुष्काळावर सिनेमा काढायला एक युनिट खेड्यात येते आणि गावातली जुनी जखम उघडी पडते. यात त्या स्मिता नावाच्या अभिनेत्रीचीच भूमिका करतात. बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले. केतन मेहता यांचा ‘भवनी भवाई’ गुजराती, तर जी. अरविंदन यांचा ‘चिदंबरम’ (१९८५) मल्याळम.

सत्यजित राय यांनी प्रेमचंद यांच्या कथेवर दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ (१९८१) केला. ओम पुरी, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे असा संच. लांबी तासाभराहून कमी. टीव्हीसाठी बनल्यामुळे अनेक ‘बेस्ट मूव्हीज’ याद्यांतून तो सुटतो. नेटपॅक मोजून वापरायचा असेल तर सुरुवात यानेही करता येते.

‘चक्र’ची जाहिरात वादात का सापडली?

जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरचा ‘चक्र’ (१९८१) मुंबईच्या झोपडपट्टीतल्या एका आईची आणि मुलाची गोष्ट सांगतो. रवींद्र धर्मराज यांचा हा पहिला आणि शेवटचा कथापट. चित्रपटाला लोकार्नो महोत्सवात सुवर्ण बिबट्या मिळाला. स्मिता पाटील यांना दुसरा राष्ट्रीय पुरस्कार आणि फिल्मफेअरही मिळाले.

झोपडपट्टीत बाईला उघड्यावर अंघोळ करावी लागते, हे दाखवणारे एक दृश्य त्यात आहे. जाहिरातीत नेमके तेच पुढे करण्यात आले. स्त्रीचे शरीर दाखवून तिकीट विकण्याच्या या पद्धतीवर त्यांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली होती. मुंबईतल्या विमेन्स सेंटरशी त्या जोडलेल्या होत्या, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी एका पोस्टरपुरता नव्हता.

आज रस्त्यावरच्या होर्डिंगची जागा व्हिडिओच्या थंबनेलने घेतली आहे. त्यांच्या गंभीर चित्रपटांतले तीस सेकंद कापून भडक शीर्षकाने टाकलेल्या क्लिप्स भरपूर आहेत. अशा क्लिपवर जितके टॅप होतात, तितकी ती आणखी वर येते. म्हणूनच क्लिपऐवजी पूर्ण चित्रपट उघडणे हा फक्त आवडीचा भाग राहत नाही. पुढच्या प्रेक्षकाला काय दिसेल, त्यावरही त्याचा थोडाफार परिणाम होतो.

मग त्या व्यावसायिक चित्रपटांत का गेल्या?

समांतर चित्रपटांना प्रेक्षक आणि पैसा दोन्ही कमी. मोठ्या चित्रपटांतून चेहरा ओळखीचा झाला, तर छोट्या चित्रपटांनाही लोक येतील, हा त्यामागचा विचार होता. १९८२मध्ये ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ आले, दोन्हींत अमिताभ बच्चन नायक. पावसातल्या त्या गाण्याने त्यांना घराघरात नेले. त्याच्या चित्रीकरणानंतर त्या अस्वस्थ होत्या, असे सोबतच्यांनी पुढे सांगितले आहे.

पण त्याच वर्षी त्यांचे ‘बाजार’ आणि ‘अर्थ’ही आले. पुढच्या वर्षी ‘मंडी’ आणि ‘अर्धसत्य’. म्हणजे एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर त्या कायमच्या गेल्या, असे झाले नाही. दोन्ही एकाच वेळी सुरू होते. ‘अर्थ’मध्ये त्या दुसऱ्याचा संसार मोडणाऱ्या, मनाने खचत गेलेल्या अभिनेत्रीच्या भूमिकेत आहेत. प्रेक्षकाची सहानुभूती पत्नीकडे असतानाही ही बाई परकी वाटत नाही, ही त्यांची करामत. ‘आखिर क्यों?’ (१९८५) हा मुख्य धारेतला आणखी एक पाहण्यासारखा चित्रपट. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

अखेरचा काळ कसा होता?

अभिनेते राज बब्बर यांच्याशी त्यांनी लग्न केले. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी मुलगा झाला. बाळंतपणानंतर प्रकृती ढासळली आणि १३ डिसेंबर १९८६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

अनेक चित्रपट त्यांच्या मागे प्रदर्शित झाले. त्यातला सर्वात मोठा केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, म्हणजे एनएफडीसीची निर्मिती. सुभेदाराच्या तावडीतून निसटलेली सोनबाई मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते. गाव तिला बाहेर काढायला बसलेले असते, आतल्या बायका आणि म्हातारा पहारेकरी दार लावून घेतात. मिरचीच्या लाल ढिगांतला शेवट पडद्यावर आला, तेव्हा त्या हयात नव्हत्या. म्हणून त्यांच्या चित्रपटांची यादी वर्षानुसार लावताना १९८६वर थांबू नये.

शोधताना नेमके काय अडते?

पहिली अडचण नावांची. ‘मंथन’, ‘चक्र’, ‘अर्थ’, ‘बाजार’, ‘शक्ती’, ‘भूमिका’. सगळे रोजच्या वापरातले शब्द. ‘मंथन’ टाकले की समुद्रमंथन येते, ‘चक्र’ टाकले की योगासने, ‘शक्ती’ टाकले की मालिका.

दुसरी अडचण हक्कांची. ओटीटी कंपन्या चित्रपट ठरावीक मुदतीसाठी घेतात. करार संपला की चित्रपट अ‍ॅपवरून जातो, कधी दुसऱ्या अ‍ॅपवर उगवतो. म्हणून अमुक चित्रपट अमुक अ‍ॅपवर, अशी छापील यादी फार काळ टिकत नाही.

तिसरी अडचण कापलेल्या प्रतींची. पूर्ण चित्रपट म्हणून टाकलेला व्हिडिओ पूर्ण असेलच असे नाही.

मग शोधायची पद्धत काय?

१. नाव, वर्ष आणि दिग्दर्शक एकत्र टाका. नुसते ‘चक्र’ नको, ‘चक्र १९८१ रवींद्र धर्मराज’ टाका. अभिनेत्रीच्या नावापेक्षा दिग्दर्शकाच्या नावाने शोध अधिक नेमका होतो. बेनेगल, जब्बार पटेल, केतन मेहता आणि गोविंद निहलानी या चार नावांत त्यांचे बरेच मोठे काम येते.

२. इंग्रजी अक्षरांत नाव लिहिताना स्पेलिंग बदलून पाहा. ‘उंबरठा’ आणि ‘जैत रे जैत’ वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले असतात. अ‍ॅपच्या आतल्या सर्चला असे फरक नेहमीच कळतात असे नाही.

३. प्रत्येक अ‍ॅप उघडत बसू नका. जस्टवॉच या साइटवर देश म्हणून भारत निवडून चित्रपटाचे नाव टाकले की तो कुठे वर्गणीत, कुठे भाड्याने आणि कुठे मोफत आहे ते दिसते. खात्री मात्र त्या त्या अ‍ॅपवर करून घ्यावी.

४. सरकारी साठा तपासा. एनएफडीसीने आपल्या चित्रपटांसाठी ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ हा मंच काढला होता. दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांसाठी प्रसार भारतीचे, नोव्हेंबर २०२४मध्ये सुरू झालेले ‘वेव्हज’ अ‍ॅप पाहावे. ‘सद्गती’सारख्या कामांचा शोध या बाजूनेही घ्यायला हवा.

५. यूट्यूबवर फिल्टरमध्ये २० मिनिटांपेक्षा मोठे व्हिडिओ निवडा. गाणी आणि क्लिप्स गळतात. चॅनेल निर्मात्याचे किंवा हक्क असलेल्या कंपनीचे आहे का, तेही बघा.

६. लांबी जुळवा. ‘मंथन’ सुमारे १३४ मिनिटांचा, ‘भूमिका’ १४२ आणि ‘मिर्च मसाला’ १२८ मिनिटांचा. चार-पाच मिनिटे कमी असतील तर घाबरू नका. टीव्हीसाठीच्या प्रती सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटींनी चालतात, त्यामुळे तेवढा फरक काहीही न कापता पडतो. वीस मिनिटे कमी असतील तर मात्र प्रत अपुरी आहे.

७. सुरुवातीचे सेन्सॉर प्रमाणपत्र थांबवून वाचा. त्यावर भाषा आणि चित्रपटाची मीटरमध्ये लांबी असते. ३५ एमएम रिळाचे २७ मीटर म्हणजे साधारण एक मिनिट. प्रमाणपत्रावर ३,००० मीटर असेल तर चित्रपट सुमारे ११० मिनिटांचा हवा.

सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी?

पहिल्यांदाच पाहणाऱ्यांनी ‘मिर्च मसाला’ घ्यावा. कथा सरळ आहे आणि शेवटपर्यंत ताण टिकतो. त्यानंतर ‘मंथन’ आणि मग ‘उंबरठा’. या तिन्हींनंतर ‘भूमिका’ पाहिली तर एकाच अभिनेत्रीने किती वेगवेगळ्या बायका उभ्या केल्या, ते नीट लक्षात येते. ‘चक्र’ आणि ‘आकालेर संधाने’ जड आहेत, ते सवडीने पाहावेत. बंगाली आणि मल्याळम चित्रपटांना सबटायटल्स आहेत का, हे आधीच तपासावे.

नेट मंद असेल तर जिथे डाउनलोडची सोय आहे तिथे चित्रपट आधी उतरवून घ्यावा. आणि चांगली, पूर्ण, अधिकृत प्रत सापडली की ती ‘नंतर पाहू’च्या यादीत टाकून ठेवू नये. करार कधी संपतो, हे प्रेक्षकाला कोणी कळवत नाही.